पंख उचलून पाहताना

पहिला फोड तुऱ्यावर आला तेव्हा
मी म्हटलं, भांडला असेल.
कोंबडा तो, भांडणारच.
राख लावली, वर मोटरसायकलचं जळकं तेल,
आणि ज्वारी निवडायला बसले.

चौथ्या दिवशी चोचीखालच्या लोळ्या
करपलेल्या कसाव्यासारख्या खडबडीत.
पिवळी कोंबडी डोळे चिकटून उभी,
पायाशी दाणे सांडलेले
आणि ती उपाशी.
आवाजाकडे मान वळवायची,
चोच मारायची मातीत, बोटभर बाजूला.
तीन दिवस तिला तळहातावर भरवलं.

काळीच्या घशात पिवळट साय धरली.
मांडीवर घेऊन चोच उघडली,
आत पाहिलं, पुन्हा मिटली.
रात्रभर झोपडीत श्वासाची शिट्टी.
पहाटे थांबली.

पाऊस यंदा लांबला.
दलदलीवरून डास असे उठतात
की चुलीचा धूर बाजूला सरतो.
पोरांवर आम्ही जाळी टाकतो.
कोंबड्यांवर कोण टाकणार?

आता ते सांगते,
जे आसेकेन्येला सांगितलं नाही.

शनिवारी उजाडायच्या आत
ज्यांचे तुरे अजून लाल होते अशा पाच जणी
केळीच्या सोपानं पाय बांधून
सायकलच्या दांडीला उलट्या टांगल्या
आणि मुकोंगोरोच्या बाजाराला गेले.
पाचवीच्या कानामागे एक दाणा होता,
मोहरीएवढा.
मी त्यावरून पिसं फिरवली.
आमुगेची फी भरायची होती, दोन महिन्यांची.
इलुकोरनं एकेकीला हातात तोललं,
तुरा पाहिला, शेपटाखाली फुंकर मारली,
कानामागे पाहिलं नाही.
त्यानं पैसे मोजून दिले.
मी मोजून घेतले.

आसेकेन्ये मंगळवारी आली.
थर्मासात बर्फ, बर्फात एवढीशी कुपी,
आणि दोन दातांची सुई.
"दोन तासांत संपवायची," म्हणाली,
"मग ते नुसतं पाणी."
पोरांनी कोंबड्या धरल्या, मी पंख उघडले.
पापुद्र्यावरची चार पिसं उपटायची,
शीर चुकवायची,
सुई बुडवून आरपार.
कोंबडी ओरडते ती धरल्याबद्दल,
टोचल्याचं तिला कळतही नाही.
एकोणीस टोचल्या. आजारी तीन वेगळ्या कोंडल्या.
वहीत लिहिता लिहिता तिनं विचारलं,
"एवढ्यात काही विकल्यात?"
नाही, म्हटलं.
वहीत एक रेघ. पुढचं घर.

म्हातारा ओकिरोर आंब्याखाली बसून बघत होता.
बाही वर करून त्यानं दंड दाखवला,
देवी काढल्याचा वण, जुन्या नाण्याएवढा.
"मी ह्याच झाडावर चढून बसलो होतो," म्हणाला,
"पाय धरून ओढला मला.
आठव्या दिवशी आईनं खपली पाहिली
आणि अंगणात नाचली."

आठव्या दिवशी आसेकेन्ये परत आली.
एकेक पंख उचलून पाहिला.
थोडी सूज, सुजेवर बारीक खपली.
"लागली," ती म्हणायची. "ही पण लागली."
ज्या खपलीला मी महिनाभर शिव्या दिल्या
तीच आता बोटांवर मोजत
आम्ही हसत होतो.
सतरा लागल्या. दोन पुन्हा टोचायच्या.

जाता जाता, सायकलला टेकून, ती म्हणाली,
दलदलीच्या त्या अंगाला
अकुरुतकडे सुरू झालंय.
दोघींचे डोळे बंद.
बाजारातून एक आणली होती तिनं, ठिपक्यांची.

ठिपक्यांच्या कोंबड्या पुष्कळ असतात.
माझी पाचवीही ठिपक्यांची होती.

संध्याकाळी पिवळीची एक खपली गळाली.
आतून डोळा निघाला, ओला, शाबूत.
बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली.
मी दाणे टाकले,
तिनं नेमके टिपले.

उद्या अकुरुतकडे जायचं.
वाटेत गुडघाभर पाणी आहे.
रिकाम्या हातानं कुणाच्या दारी
आम्ही जात नाही,
आणि नेतो ती कोंबडी.
काय न्यावं, हे अजून सुचलेलं नाही.