चिमूटभर युरोपियम

निवतीच्या धक्क्यामागे बाबांचं दुकान:
रेडिओ, टीव्ही, कधी एखाद्या ट्रॉलरचा वायरलेस.
खाऱ्या वाऱ्यानं सोल्डर हिरवं पडायचं,
ते जुन्या टूथब्रशनं घासत बसायचे.
एकदा पिक्चर ट्यूब फुटली. काचेआडून सांडली
पांढरी पूड, रांगोळीइतकी बारीक.
"हात लावू नको," म्हणाले. मग जरा थांबून,
"तांबडो रंग ह्याच्यातच असता गो."
पांढऱ्यात तांबडा? मला खरं वाटलं नाही.
सुंगटं रोज चुलीवर लाल होताना बघत होते, तरीही.

आता मी दूरच्या शहरात भट्टीपुढे उभी असते.
तेराशे अंश. स्ट्रॉन्शियम, अ‍ॅल्युमिनियम,
आणि युरोपियम, चिमटीच्याही चिमटीएवढं.
आमटीत मीठ किती, विचारलं तर आई म्हणते,
हाताक कळता. इथं हाताला कळत नाही,
काटा चौथ्या दशांशावर थरथरत राहतो.
जास्त पडलं तर उजेड वाढत नाही, मरतो:
शेजारी शेजाऱ्याकडे सरकवत जातो,
आणि वाटेत कुणीतरी गिळून टाकतो.

डिस्प्रोशियम कशाला, हे मला पुस्तकानं नाही सांगितलं.
ओहोटीला कातळाच्या खळग्यांत पाणी उरतं ना,
समुद्र निघून गेल्यावरही, तळहाताएवढं,
त्यात एखादा खेकडा अडकून,
तसाच दिवसाचा उजेड अडकतो.
मग हवेच्या साध्या उबेनं
एकेक थेंब वर येत राहतो. रात्रभर.

मे महिन्यात गेले तेव्हा गुणाजीकाका पडवीत जाळं विणत होते.
समोर क्षितिजावर लखलखाट,
जणू पाण्यावर कुणी बाजार मांडलाय.
एलईडीच्या बोटी. बांगडा त्या उजेडाला भुलतो
आणि पुढच्या वर्षासकट जाळ्यात येतो.
काकांनी सुई थांबवली नाही.
"तू थंय काय करतंस? ह्याच?"

निळ्या चिपवर सेरियमची पिवळी साय,
की झाला पांढरा उजेड. आमच्याच शेजारच्या टेबलावरचा.
मी काही बोलले नाही.

निघताना लोणच्याच्या बरणीत पूड दिली,
व्हार्निशमध्ये कालवून बोयांना लावा म्हटलं.
आठवड्यानं फोन आला. बोया दिवसभर वाळूत तापत ठेवल्या,
रात्री सोडल्या. "मासळी काय तेका भुलत नाय.
बरा झाला. जाळा खंय असा, तेवढा दिसता."
मग इंजिनाची घरघर, मग पुन्हा:
"आणि फिको पडत गेलो ना, काय कळता म्हायत असा?
किती रात गेली ता."
हे मी मोजलं होतं. आलेख काढला होता.
असं वाचलं नव्हतं.

उरलेली थोडी पूड बाबांच्या टेबलावर होती.
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी ते बघत राहिले.
"तांबडो खंय?"
ह्यात हिरवाच, बाबा. युरोपियम तेच.
तिथं त्याचे तीन इलेक्ट्रॉन गेले होते, इथं दोनच,
आणि घर वेगळं.
"असा काय," म्हणाले, आणि झाकण लावून
बरणी बॅटरीशेजारी ठेवली.

त्या रात्री वीज गेली. अख्खं निवती काळं.
टेबलावर फक्त एक हिरवट ठिपका,
आणि कुणाला न विचारता
तिथवर गेलेला त्यांचा हात.