हेमॅटाईट

उदाहरण चौथं: एकशे साठ ग्रॅम हेमॅटाईटपासून
लोखंड किती?
दोन गुणिले छप्पन्न, एकशे बारा.
हे आता झोपेतही येतं.

माजिक सर म्हणतात, एकक लिहा,
एकक नाही तर अर्धा गुण गेला.
मी लिहिते: ग्रॅम.
बाबा लिहायचे: ट्रिपा.
ती डायरी अजून ट्रकच्या खणात आहे,
शेवटच्या पानावर तारीख, पुढे आकडा नाही.

खाण बंद पडली तेव्हा मी चौथीत होते.
ट्रक पाळीतच, घरामागे माडाखाली;
टायर बसलेत, बॉनेटवर आई मिरच्या वाळवते.

आज सीमित अभिक्रियाकारक.
जो आधी संपतो तोच ठरवतो
सगळं कुठे थांबायचं.
बाकीचं उरतं, तसंच, भांड्यात.
तीनदा चुकले. उत्तर पाठीमागे बघितलं.

अकरा वाजता बाबा दार लोटतात,
"जालें गो?"
वहीवर वाकून सूत्रावर बोट ठेवतात.
साठ टक्के लागलं की भाव चढायचा म्हणे,
बार्जवाले आधी आपलाच माल उचलायचे.
मी भागाकार करून दाखवते:
शुद्ध असेल तर सत्तर.

ते हसतात. नखात अजून तांबूस काहीतरी.
"सत्तर?
सत्तर हांवें केन्नाच पळोवंक ना गो."