पोटात पाठ

फैजपूर. मे महिना. दुपारचे तीन.
प्रयोगशाळेतला पंखा गरम हवाच ढवळत राहतो.
चारुशीला फेगडेनं सकाळी काचेच्या बशीत ठेवलेले
नॅप्थलीनचे पापुद्रे सव्वा ग्रॅम होते,
वहीत तशी नोंद आहे.
आता काटा नव्वद शतांशावर येऊन थांबलाय.
"मॅडम, आईशपथ, मी हात नाही लावला."

हात कुणीच लावला नाही, बाई.
आणि तुटलंही काही नाही.
दहा कार्बन, आठ हायड्रोजन,
दोन षट्कोन, मधली भिंत सामायिक,
असे जसेच्या तसे उठले
आणि खिडकीतून केळीच्या मळ्यांकडे निघून गेले.
एकमेकांना सोडलं, इतकंच.

धरलं होतं कशानं, विचारशील तर
बंध म्हणावा असं नव्हतंच काही.
ना देणं, ना घेणं, ना भागीदारी.
एकाचा ढग निमिषभर एका कुशीवर कलतो,
शेजारच्याला त्याची चाहूल लागते
आणि तोही कलतो.
पुढच्या निमिषाला दोघंही विसरतात.
अशा विसरण्यावर
अख्खा स्फटिक उभा असतो,
नखानं खरवडला तर टणक लागतो.

डिसेंबरात प्रदर्शनासाठी
आम्ही थर्माकोलचे चाळीस रेणू केले होते.
पेटीत एकावर एक सरळ रचले, पुस्तकांसारखे.
सहा उरले, झाकण बसेना.
रात्री साडेआठला सुपडू तायडे कुलूप लावायला आला,
आमचा वॉचमन.
त्याआधी सावद्याच्या स्टेशनात
तीस वर्षं केळीच्या वॅगनी भरल्या त्यानं.
दारातूनच बघत राहिला. मग म्हणाला,
"बाई, असं नाही बसायचं. पोटात पाठ द्या."

खाली बसला. एक रेणू तिरपा ठेवला,
दुसरा उलट्या अंगानं तिरपा,
एकाची कड दुसऱ्याच्या सपाटीवर टेकलेली,
फुगवटा खोलगटात.
ओळीमागून ओळ
गव्हाच्या ओंबीतले दाणे बसावेत तशी.
"रिकामी जागा ठेवली तं घड नाचते.
नाचला का काळा पडते.
आन् लय दाबला तरी काळाच."
मग किती दाबायचं, सुपडूभाऊ?
त्यानं दोन तळवे समोरासमोर धरले,
जवळ आणले,
आणखी जवळ,
आणि एका जागी थांबवले.
"एवढं."

वीस वर्षं फळ्यावर काढते मी ती वक्ररेषा,
आधी खाली उतरणारी, मग भिंतीसारखी चढणारी.
तळाशी टिंब देते, खाली अंतर लिहिते.
त्याचे तळवे त्या टिंबावर होते.

चाळीसच्या चाळीस मावले. झाकण बसलं.
उठताना त्यानं विचारलं,
"हे हाये काय पण?"
डांबरगोळी. कपाटात ठेवतात ती.
"ती तं सरते ना?"
सरते.
"मंग कसाले एवढं नीट बसते?"
मी किल्ल्या शोधत राहिले.

चारुशीलानं घट लिहिली: पस्तीस शतांश.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: उन्हाळा.
मी लाल पेन उघडलं होतं.
तसंच बंद केलं.

संध्याकाळी सावद्याच्या गाडीत
शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा नाक ओढलं,
माझ्या पदराकडे पाहिलं
आणि ओळख नसताना हसून म्हणाली,
"कपाटातली काढली वाटते आज?"