ठिपक्यांचं पुस्तक

पहाटे साडेचारला कालव्याच्या रस्त्यानं
बूट वाजायला लागतात.
पूर्वी मोजता यायचे नाहीत.
यंदा मोजले. अकरा.

मी नर्सिंग असिस्टंट, निवृत्त हवालदार.
कोरेगावकडं परतल्यापासून
भरतीआधी पोरं माझ्या ओट्यावर येतात,
फुकटच्या तपासणीला.
टाचा जुळव म्हणतो. गुडघे आधी भेटले
तर तिथंच थांबवतो.
ओला पाय फरशीवर उमटवायला लावतो,
मधली कमान कोरडी राहिली पाहिजे.
मग दात, कान,
दंडावर गोंदलेलं वाघाचं तोंड,
पाच सेंटिमीटर काही केल्या न फुगणारी छाती.
नऊ जण असे गळाले.
त्यांची नावं घेत नाही, गाव लहान आहे.

शंतनू घार्गे मात्र नखशिखांत पास.
असा पाय मी जम्मूच्या दवाखान्यातही पाहिला नव्हता.
लेस बांधता बांधता म्हणाला,
"चाकणला लागलोय, नाना. न्यायला बस आहे, जेवण आहे.
चार वर्षांनी परत पाठवलं, तर मी तेव्हा कोण?"
त्याची आई फाटकाशी उभी.
वेशीतल्या दगडावर तिच्या सासरची तीन नावं आहेत,
एकाचे तर हाडसुद्धा आलं नव्हतं.
मी म्हणालो, "बरं."
दुसरं काय म्हणणार?

राहिला बिरुदेव शिणगारे.
सोळाशे मीटर, पाच मिनिटं दहा सेकंद,
आणि वर धाप नाही.
मी ट्रंकेतून ठिपक्यांचं पुस्तक काढलं.
पहिल्या पानावर बारा. बरोबर.
दुसऱ्या पानावर तो बराच वेळ बघत राहिला,
विहिरीत पडलेली वस्तू बघावी तसा.
"इथं काय हाय, नाना?"
"आठ."

मेंढरांवरचा गेरू तुला दिसत नाही का रे?
"न्हाई की. मी चालीवरनं वळखतो."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी येतो,
पुस्तक मागतो,
ओटीवर बसून पानं उलटतो.
आणि पहाटे आता एकटेच बूट वाजतात.
पाय पडेल तसा आकडा :
बारा, आठ, एकोणतीस, पाच,
तीन, पंधरा, चौऱ्याहत्तर...
एकही चुकत नाही.

तिथला डॉक्टर पुस्तक मधूनच उघडतो.
हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.