वास खाली बसतो

रबाळ्याचा गाळा, शटर अर्धं वर,
टेबलावर तीन कोटेशनं,
वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर पिंपाचं एक बूच.

पहिलं अकरा लाखांचं : फेसाची टाकी, पंप,
छताला पाइप, देखभालीचे वेगळे.
दुसरं नुसत्या पाण्याचं, स्वस्त.
तुळशीदास म्हणाला, "वहिनी, यावर पाणी मारलं
तर हे पेटतं तसंच पाण्यावर बसून
फिरायला निघेल, शेजारच्या खोकेवाल्याकडे."
तिसऱ्यात लाल बाटले, छापील हसरा माणूस,
हातात नळी, अंगात नायलॉनचा शर्ट.

सेल्समन बाविशीचा, टाय घामाने ओला.
विचारलं, हा फेस आयपीएवर टिकेल का?
तो कॅटलॉग चाळत राहिला.
साधा फेस अल्कोहोल पिऊन टाकतं,
गरम भाकरी लोणी पिते तसं.
हे मला ह्यांनी सांगितलं नव्हतं.
ह्यांनी बरंच सांगितलं नव्हतं,
बँकेचा हप्ताही त्यातच.
मी शिकले दुपारी डबा खाताना
पिंपांवरची बारीक अक्षरं वाचून.

माझ्याकडे एक लाख साठ हजार.

तुळशीदासच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत केस नाहीत,
पावण्याच्या जुन्या कंपनीचं देणं.
गुडघ्यांवर बसून त्याने फरशीला नाक लावलं.
"वास उभा राहत नाही, वहिनी. खाली बसतो.
सरपटतो, उतार शोधतो.
आणि आपण पंखा लावलाय छताला."
तेव्हा लक्षात आलं,
गटाराच्या जाळीपाशी झोपणारी भुरी मांजर
तीन महिने तिथे झोपलेली नाही.

त्या रात्री हिशेब उलटा मांडला.
विझवायला किती, हे खोडलं.
पेटायला आहे किती, ते लिहिलं.
चाळीस पिंपं.
आठवड्याला लागतात नऊ.
बाकीची ह्यांनी भरली होती, भाव चढेल म्हणून.
भाव चढला नाही.
हे गेले, पिंपं राहिली.

एकतीस परत पाठवली, तोटा खाऊन.
टेम्पोवाला साळुंखे आता दर सोमवारी येतो,
भाडं घेतो आणि वर ऐकवतो.
फुलाजी गवंड्याने पिंपांभोवती वीतभर कठडा घातला,
एक फुटलं तर सगळं आतच मावेल असा.
भिंतीला जमिनीलगत चार झरोके, घोट्याच्या उंचीचे.
तांब्याची तार, तिला चावरा चिमटा :
आधी चिमटा, मग ओतणं.
आणि चाकांवरची एक फेसगाडी,
अल्कोहोल सोसणाऱ्या फेसाची. ती दाराबाहेर.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणून हसतात लोक,
पण बंब रामेश्वराच्या गाभाऱ्यातच कोंडणारे
मी या एस्टेटमध्ये कितीतरी पाहिले.

अकरा लाखवाले अजून फोन करतात.
त्यांचं चांगलंच आहे, खोटं कशाला बोलू.
पैसे आले की घेईन.
तोवर नऊ.

दिवाळीच्या ऑर्डरीला साळुंखे दहावं पिंप उतरवू लागला.
तुळशीदासने नुसती बाही वर केली.
पिंप परत टेम्पोत.

मांजर अजून आलेली नाही.
मी रोज सकाळी शटर उघडते,
पदर खोचून जाळीपाशी खाली वाकते,
आणि हुंगते.