साठ फ्रेम

जेल रोडवरून आणलेला
पत्त्यांच्या डबीएवढा बोर्ड.
पंखा लावला, क्लॉक चढवला,
आवाजाची तडतड गेली.
सेकंदाला साठ फ्रेम, एकही न गळता.

हेमूदादा तिसऱ्याच पुलावर मेला.
पुन्हा मेला.

"इथं अडखळायचं रे भिया," म्हणाला,
"सगळी वटवाघळं एकदम आली की
डबा दमायचा.
तेवढ्यात मी निसटायचो."

खातीपुऱ्यात तासाला दोन रुपये,
फुंकर मारून घातलेली कॅसेट,
मागे नंबर लावून उभी पोरं.

मग बसलो परत.
एकेक आकडा उतरवत,
कोपऱ्यावर पोह्यांची पातेली तापेपर्यंत.

आता तिसऱ्या पुलाशी
खेळाला किंचित धाप लागते.
दादा बटणावरचा अंगठा उचलतो,
थांबतो,
आणि जातो.