हाडाची गवळण

चर्चच्या फरशीखाली गरम पाण्याचे पाइप टाकायचे ठरले
आणि खालून गावच वर आलं.
एकशे बारा माणसं. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीची.
आता शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या कड्याखाली,
केळ्यांच्या खोक्यांत, वर्तमानपत्रांवर वाळत पडलीत.

माझं काम धुण्याचं.
कोमट पाणी, लहान मुलांचा दात घासायचा ब्रश. साबण नाही.
मंगळवारी नि गुरुवारी, दोन ते पाच.
चाळीस वर्षं दुधाचे कॅन धुतले मी,
माती कुठल्या खळग्यात दडून बसते
ते बोटांना आपसूक कळतं.

खोकं सत्तेचाळीस.
विद्यापीठातून येणारी रिक्स्ट जबडा दिव्यापाशी नेते.
सुळ्यांशेजारी वर अर्धा चंद्र, खाली अर्धा;
दात मिटले की मधोमध एक गोल खिडकी.
मातीची चिलीम, ती म्हणते.
रोज एकाच जागी धरलेली. दात झिजले, सवय नाही झिजली.

'पुरुष असणार,' मी म्हटलं.
तिनं कमरेचं हाड माझ्या हातात दिलं
आणि त्याच्या खाचेत माझाच अंगठा बसवला.
अंगठा इकडून तिकडे हलला. ऐसपैस.
'बाई,' रिक्स्ट म्हणाली,
आणि मी उगाच आजूबाजूला पाहिलं,
कुणी ऐकलं तर नाही ना.

दफनाच्या वहीत सत्तेचाळीसपुढे नाव सापडलं: बाउक्ये.
हारमेनची बायको.
हारमेन आधी नावाडी, मग बांधाचा राखणदार,
म्हातारपणी घंटा वाजवणारा.
त्याच्यासाठी तीन ओळी, वळणदार शाईत.
तिच्यासाठी: बायको.

पण गळ्याजवळच्या हाडावर खोल खड्डे आहेत
जिथून खांद्याला दोरखंडासारखे स्नायू जातात.
मानेचे मणके एकमेकांवर घासून गुळगुळीत,
जात्याच्या तळीसारखे.
जोखड, दोन बादल्या, कुरणातून घरापर्यंतची वाट,
पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा.
एवढं दूध वाहिलं तरी तिच्या दातांवर
तिसऱ्या वर्षाची एक आडवी रेघ आहे.
भूक असेल. ताप असेल. हाड कारण सांगत नाही,
नुसतं सांगतं की काहीतरी झालं होतं
आणि मग थांबलं.

धूर सोडताना ती कुठे बघत असे,
हेही कुठल्या हाडात नाही. मी शोधलं.

मग पाय धुतला.
डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, सांध्यात,
मसुराच्या दाण्याएवढा खड्डा.
ब्रश तिथे अडला.
'लाकडी बूट,' रिक्स्ट म्हणाली. 'तळवा वाकत नाही ना,
प्रत्येक पाऊल थेट हाडावर आदळतं.
या गावात प्रत्येक तिसऱ्याला आहे.'

मी काही बोलले नाही.
गेल्या हिवाळ्यात शहरातल्या डॉक्टरांनी
पडद्यावर बोट ठेवून विचारलं होतं,
लहानपणी काय घालत होतात पायात?
आईचे जुने, मी सांगितलं. मोठे व्हायचे.
पुढे गवत कोंबायचो.

मार्चमध्ये सगळे परत जातील,
चर्चमागच्या नव्या खड्ड्यात, एकाच पेटीत दहा-दहा.
त्याआधी प्रत्येकाचा एक कागद भरायचा.
वय: पंचावन्नच्या पुढे. उंची. दात. आजार.
व्यवसाय या रकान्यात रिक्स्टनं रेघ मारायला पेन टेकवलं,
आणि मी कधी नव्हे ते तिचा हात धरला.
अक्षर माझं बरं आहे. मीच लिहिलं:

गवळण. हाडाची.

ती हसली, मग गंभीर झाली.
तिच्या प्राध्यापकांना असलं चालत नाही.
खांदा आहे, ती म्हणाली, मान आहे, पण खांद्यानं कुणी पाणीही वाहील,
पीठही वाहील. पायाचं काय, लाकडी बूट तर सगळेच घालत.
'मावशी, गवळणच होती, याला पुरावा?'

मी खुर्चीवर बसले,
डावा बूट काढला, मोजा काढला.
व्यायामशाळेची फरशी फार गार होती.